बोरीबंदरचे चित्र आणि त्यातील माणसे
(चित्रवाचनाचा एक पाठ : इयत्ता ५ वी ते ७ वी)



प्राथमिक शाळेतील चित्रकलेचा तास बहुधा चित्र काढण्यात खर्ची पडतो. गुरुजी फळ्यावर कमळ किंवा कलश काढतात, मुले ते पाटीवर किंवा वहीत उतरवून घेतात आणि घंटा होते. चित्र काढण्याचा हा सराव आवश्यक आहेच. परंतु चित्र पाहावे कसे, त्यातून माहिती कशी काढावी आणि चित्रकाराने काय दाखविले व काय वगळले हे कसे ओळखावे, ह्याचे शिक्षण मुलांस क्वचितच मिळते. वाचन व लेखन ही भाषेची दोन अंगे आपण शिकवितो. चित्राच्या बाबतीत मात्र लेखन तेवढे शिकवून वाचन सोडून देतो. ही उणीव अंशतः तरी भरून निघावी, ह्या हेतूने प्रस्तुत पाठ दिला आहे.

पाठासाठी निवडलेली वास्तू आहे मुंबईचे बोरीबंदर स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. आपल्या वर्गातील पुष्कळ मुलांचा ह्या स्थानकाशी दूरचा का होईना, संबंध असतो. कोणाचा भाऊ घाटकोपरला राहून कारखान्यात जातो, कोणाची मावशी मुलुंडला असते, कोणाचे वडील हमालीसाठी किंवा गवंडीकामासाठी मुंबईस गेलेले असतात. अंधेरी आणि बोरिवलीकडची मंडळी पश्चिम रेल्वेने चर्चगेटला उतरतात, तर घाटकोपर आणि मुलुंडकडची मध्य रेल्वेने बोरीबंदरला. सणावाराला गावी आलेल्या ह्या माणसांच्या तोंडून मुलांनी ‘व्हीटी’ हे नाव ऐकलेले असते. तेव्हा हा पाठ परक्या नगरीचा नसून आपल्याच घरच्या माणसांच्या वाटेचा आहे, ही जाणीव मुलांस आरंभीच करून द्यावी.

पूर्वमाहिती

शिक्षकांनी पाठापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. अंतर २१ मैलांचे, डबे १४ आणि निमंत्रित प्रवासी सुमारे ४०० होते. तेव्हा तेथे आजची इमारत नव्हती. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने आपल्या कचेऱ्या व स्थानक ह्यांसाठी भव्य वास्तू उभारण्याचे ठरविले आणि ते काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविले. बांधकामास १८७८ मध्ये आरंभ झाला व ते १८८८ मध्ये पुरे झाले. खर्च सुमारे १६ लक्ष १४ हजार रुपये आला. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्थानकास तिचे नाव देण्यात आले. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. २००४ मध्ये युनेस्कोने ह्या वास्तूचा जागतिक वारशात समावेश केला.

आता चित्राविषयी. ॲक्सेल हेग हा मूळचा स्वीडन देशातील गॉटलंड बेटाचा. जन्म १८३५, मृत्यू १९२१. तो लंडनमध्ये स्थायिक झाला होता आणि वास्तुशिल्पज्ञांच्या नकाशांवरून भावी इमारतीचे सजीव चित्र तयार करून देण्यात त्याचा हातखंडा होता. स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून त्याने बोरीबंदर स्थानकाचे जलरंगातील एक मोठे चित्र काढले. त्याचे वर्ष १८७८. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहे आणि त्याच्या प्रतिकृती सहज उपलब्ध होतात. एक रंगीत प्रत मिळवून ती पुठ्ठ्यावर चिकटवावी. वर्ग मोठा असल्यास चार-पाच मुलांच्या गटास एक अशा प्रती कराव्यात.

वरील दोन परिच्छेदांतील सने पुन्हा एकदा जुळवून पाहावीत. ज्या वर्षी बांधकाम सुरू झाले, त्याच वर्षीचे हे चित्र आहे. म्हणजे चित्रात घुमटासह पूर्ण उभी असलेली ही वास्तू त्या काळी जमिनीवर नव्हतीच. तिच्या पायथ्याशी दाखविलेला रस्ता, वाहने आणि माणसे ह्यांचे हे दृश्य चित्रकाराने पाहिलेले असणे शक्य नव्हते. ह्या एका गोष्टीवर आपला सबंध पाठ उभा आहे. परंतु ती मुलांस आरंभी सांगू नये.

पाठाची मांडणी

पहिली पायरी : नुसते पाहणे. चित्र भिंतीवर लावून पाच मिनिटे मुलांस शांतपणे पाहू द्यावे. ह्या वेळी शिक्षकांनी काहीही समजावून सांगू नये. नंतर एकेकाने एकच वस्तू सांगावी व ती फळ्यावर लिहावी. फळ्याचे दोन भाग करावेत. डावीकडे ‘इमारत’ व उजवीकडे ‘रस्ता’. मुले प्रथम घुमट, कमानी, खिडक्या, मनोरे हीच नावे घेतील व डावा भाग भरत जाईल. उजवा भाग रिकामा राहिला, तरी घाई करू नये. थोड्या वेळाने एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणेल, “गुरुजी, खाली माणसे पण आहेत.” तेथून पाठास खरी सुरुवात झाली असे समजावे.

दुसरी पायरी : झाकून पाहणे. कागदाची एक लांब पट्टी घेऊन चित्राचा खालचा भाग, म्हणजे माणसे व वाहने असलेला रस्ता, झाकून टाकावा आणि विचारावे, “मुलांनो, आता ही इमारत किती उंच वाटते?” उत्तरे निरनिराळी येतील. कोणी म्हणेल आपल्या देवळाएवढी, कोणी म्हणेल डोंगराएवढी. मग पट्टी काढावी. रस्त्यावरच्या माणसाची उंची बोटाने मोजून, अशी किती माणसे एकावर एक उभी केली तर घुमटापर्यंत पोहोचू, हे मुलांस मोजावयास सांगावे. येथे गणिताचाही उपयोग होतो. माणूस साडेपाच फुटांचा धरला, तर इमारतीची उंची अदमासे काढता येते. दूरची वस्तू लहान दिसते, म्हणून मोजावयाचा माणूस शक्यतो इमारतीच्या भिंतीलगतचा घ्यावा, रस्त्याच्या अलीकडच्या कडेचा घेऊ नये. ही सूचना न दिल्यास हिशेब चुकेल.

ह्या प्रयोगातून मुलांच्या ध्यानात येते, की चित्रातील माणूस हे इमारतीचे माप आहे. वास्तूचे चित्र काढणारे कलावंत माणसे काढतात त्याचे हे पहिले कारण. पण माप दाखविण्यास एक माणूस पुरला असता. मग चित्रकाराने रस्ता भरलेला का दाखविला? हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. उत्तर बहुधा मुलेच देतात. स्थानक म्हटले की माणसे हवीतच, माणसांवाचून स्थानक म्हणजे जत्रेवाचून देऊळ. ह्या उत्तराचे कौतुक करून तेच फळ्यावर लिहावे. कोणत्याही सार्वजनिक वास्तूचा अर्थ तिच्या वापरात असतो आणि वापर दाखवावयाचा तर माणसे दाखवावी लागतात. चित्रातील दैनंदिन जीवन हे ह्या दृष्टीने वास्तूचे स्पष्टीकरणच होय.

तिसरी पायरी : सनांचा उलगडा. आता फळ्यावर दोनच ओळी लिहाव्यात : ‘चित्र – १८७८’, ‘इमारत पूर्ण – १८८८’. वर्गात काही क्षण शांतता पसरेल. मग एखादा विद्यार्थी विचारील, “नसलेल्या इमारतीचे चित्र त्याने काढले कसे?” येथे नकाशा व चित्र ह्यांतील फरक सांगावा. घर बांधताना गवंड्याजवळ जो कागद असतो, त्यात भिंतींची लांबी-रुंदी असते. त्यावरून घर कसे दिसेल हे जाणकारास कळते, घरमालकास मात्र कळतेच असे नाही. हेगसारख्या कलावंतांचे काम हेच असे, की ज्यांना नकाशा वाचता येत नाही त्यांनाही भावी वास्तू डोळ्यांपुढे दिसावी.

त्यावर पुढचा प्रश्न असा, “मग रस्त्यावरची माणसे खरी की कल्पनेतील?” इमारत नव्हती, म्हणून तिच्यापुढून जाणारी ही माणसेही योजलेली आहेत, हे मुलांना तर्काने काढता आले पाहिजे. चित्र पाहिले म्हणजे डोळ्यांनी साक्ष दिली असे आपण सहज मानतो. परंतु चित्र ही कोणीतरी, कोणासाठीतरी, काही हेतूने केलेली मांडणी असते. हे चित्र वास्तुशिल्पज्ञासाठी काढलेले आहे. म्हणून त्यात वास्तू मोठी आहे, माणसे लहान आहेत आणि एकंदर दृश्य नीटनेटके आहे. आज वर्तमानपत्रांत व रस्त्यांवरील फलकांवर नव्या गृहसंकुलांची चित्रे असतात. हिरवळ, कारंजी, हसणारे कुटुंब असे सारे तेथे दिसते आणि प्रत्यक्षात अद्याप पायाही खणलेला नसतो. त्यांची जातकुळी हीच. बाराव्या वर्षी ज्या मुलास हा भेद कळला, तो पुढे घेणेदेणे करताना चित्रावर भुलणार नाही. पाठाचा हा व्यावहारिक लाभ लहान नाही.

चौथी पायरी : चित्रात जे नाही ते. पुढील माहिती शिक्षकांनी सांगावी व मुलांनी ती चित्राशी ताडून पाहावी.

मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली व १९६४ मध्ये ती बंद झाली. स्थानकासमोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, पण ती १८९३ मध्ये पुरी झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवर चालणारी पहिली गाडी धावली आणि उपनगरांचे रूपच पालटू लागले. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही साष्टी बेटावरील गावे होती. शेती, मिठागरे, ताडमाडांच्या बागा असे त्यांचे स्वरूप होते. आगगाडीच्या सोयीमुळे तेथे वस्ती वाढत गेली आणि १९५७ पर्यंत मुलुंड व दहिसरपर्यंतचा सारा प्रदेश बृहन्मुंबईत सामावला गेला. आता स्थानकात १८ फलाट आहेत. रोज सकाळी उपनगरांतून येणारा लोकांचा लोंढा त्यांवर उतरतो व संध्याकाळी परततो. हेगच्या चित्रात ही गर्दी असणे शक्यच नव्हते. तथापि त्याने काढलेली रिकामी जागा ह्या गर्दीनेच भरली.

आणखी एक वगळलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चित्रात इमारत जणू आपोआप उभी राहिली आहे. दगड फोडणारे, वाहणारे, पाडावर चढणारे कोणीच तेथे नाहीत, कारण चित्र बांधकामाचे नसून पूर्णत्वाचे आहे. प्रत्यक्षात हे काम दहा वर्षे चालले होते. त्या काळातील मुंबईच्या मोठ्या इमारतींस कुर्ला व मालाड येथील खाणींचा दगड पुष्कळ लागला, म्हणजे उपनगरांनी नगरास आधी दगड दिला व मग माणसे दिली. स्थानकाच्या भिंतींवर दगडात कोरलेली पाने, फुले, पशू आणि पक्षी आहेत. त्या कोरीव कामात सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता व त्यांना जॉन ग्रिफिथ्स ह्यांचे मार्गदर्शन होते. दर्शनी भिंतीवर रेल्वेच्या संचालकांचे दगडी मुखवटे आहेत, त्यांत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई हेही आहेत. प्रवेशद्वाराशी सिंह आणि वाघ बसविलेले आहेत, तर घुमटाच्या शिखरावर एका हाती मशाल व दुसऱ्या हाती चक्र घेतलेली ‘प्रगती’ उभी आहे. संचालकांचे चेहरे दगडात राहिले. दगड घडविणाऱ्या सामान्य कारागिरांचे चेहरे राहिले नाहीत. ज्या मुलाचे वडील गवंडीकामास जातात, त्याने ही गोष्ट वर्गात ऐकावी व इतरांनीही ऐकावी. त्यावर भाष्य करण्याची गरज नाही.

तुलनेसाठी दोन चित्रकार

वेळ मिळाल्यास दुसऱ्या तासास आपल्याकडील दोन चित्रकारांची ओळख करून द्यावी.

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांचा जन्म कोल्हापूरचा, १८६७ मधील. मुंबईच्या कलाशाळेत ते विद्यार्थी होते आणि तेथेच पुढे शिक्षक झाले. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एस. एम. एडवर्ड्स ह्यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ ह्या पुस्तकास त्यांनी चित्रे काढून दिली. मुंबईच्या निरनिराळ्या थरांतील माणसांची त्यांची चित्रे पोस्टकार्डांवरही छापली गेली. हेगच्या चित्रात इमारत मोठी व माणूस लहान आहे. धुरंधरांच्या अशा चित्रांत माणूस पुढे येतो. त्याचे पागोटे, लुगड्याची नेसण, उभे राहण्याची ढब ह्यांवरून तो कोण, कोठला, कोणत्या कामास निघाला हे ओळखता येते. १९४४ मध्ये धुरंधर निवर्तले. त्यांनी चितारलेले पेहराव आज रस्त्यात क्वचित दिसतात, म्हणून ती चित्रे आता इतिहासाचे साधनही झाली आहेत.

दुसरे चित्रकार सुधीर पटवर्धन. जन्म १९४९, पुणे. व्यवसायाने ते क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर. ठाण्यास राहून रुग्णालयातले काम सांभाळून त्यांनी चित्रे काढली. इराण्याचे हॉटेल, आगगाडी, ठाण्यासारखे वाढते शहर, लोअर परळचा गिरणभाग असे त्यांचे विषय आहेत. ‘इराणी रेस्टॉरंट’ हे चित्र १९७७ चे आणि ‘लोअर परळ’ हे २००१ चे. त्यांच्या चित्रांतील माणूस मापासाठी उभा केलेला नसतो. तो दमलेला असतो, वाट पाहत असतो, कामावरून परतत असतो. इमारत व माणूस ह्यांना तेथे सारखाच मान आहे. शिक्षकांस विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे, आधुनिक भारतीय कलेचे ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे फिरते प्रदर्शन त्यांनी २००८-०९ च्या सुमारास महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेले. ज्यांना मुंबईस येता येत नाही त्यांच्याकडे चित्रांनी जावे, हा त्यामागील विचार आपल्या कार्याशी मिळताजुळता आहे.

तिन्ही चित्रकारांची एकेक प्रत शेजारी शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारावा : “ह्यांपैकी कोणत्या चित्रात तुमच्या ओळखीचे माणूस सापडेल?” उत्तरासाठी कारण सांगणे आवश्यक मानावे. उत्तर कोणतेही असो, कारण योग्य असल्यास ते बरोबर धरावे.

स्वाध्याय

पाठाची परिणती मुलांच्या स्वतःच्या कृतीत व्हावयास हवी. आपल्या गावातील एक ठळक वास्तू निवडावी. देऊळ, चावडी, पार, एस. टी. चा थांबा, पाण्याची टाकी किंवा स्वतःची शाळा, काहीही चालेल. मुलांनी सकाळी, दुपारी आणि दिवस मावळताना असे तीन वेळा तेथे जाऊन दहा दहा मिनिटे उभे राहावे आणि कोण आले, कोण गेले, कोणाच्या हातात काय होते, हे वहीत टिपावे. दुसऱ्या दिवशी त्या टिपणांवरून चित्र काढावे.

येथे दोन अडचणी येतात. पहिली अशी, की मुले टिपणे बाजूस ठेवून पाठ झालेले चित्र काढतात. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, एक नदी व एक झोपडी. ह्यावर उपाय एकच. शिक्षकांनी फळ्यावर नमुना काढू नये आणि प्रत्येकास विचारावे, “तुझ्या वहीतले कोणते माणूस ह्या चित्रात आहे?” माणूस ओबडधोबड असले तरी हरकत नाही, मात्र ते पाहिलेले असावे.

दुसरी अडचण नाजूक आहे. चित्रे पुरी झाल्यावर ती भिंतीवर लावावीत आणि हेगच्या चित्रास विचारलेला प्रश्न आता आपल्या चित्रांस विचारावा : येथे कोण नाही? पहाटे देवळाचे आवार झाडणारी बाई चित्रात आली का? थांब्यावर ओझे उतरविणारा आला का? गावाबाहेरच्या वस्तीवरची मुले पारावर दिसतात का, आणि दिसत नसल्यास ती तेथे येत नाहीत की आपल्याला दिसली नाहीत? ह्या प्रश्नांवर वर्ग काही वेळ गप्प राहील. ती शांतता शिक्षकांनी सहन करावी, कोणासही दोष देऊ नये आणि उत्तर स्वतः पुरवू नये. इच्छा असल्यास मुलांनी चित्रात भर घालावी. ज्या मुलाला आपली आई किंवा आपला बाप वर्गातील भिंतीवर प्रथमच दिसतो, त्याचा त्या शाळेशी असलेला संबंध त्या दिवशी पालटतो.

मूल्यमापन

चित्र सुबक आहे की नाही ह्यावर गुण देऊ नयेत. पुढील चार प्रश्नांची तोंडी उत्तरे घ्यावीत.

१. चित्रातील माणसावरून इमारतीची उंची कशी काढाल?
२. बोरीबंदरचे चित्र इमारत पुरी होण्यापूर्वीचे आहे, हे कशावरून समजले?
३. त्या चित्रात आज नव्याने कोणत्या पाच गोष्टी घालाव्या लागतील?
४. तुमच्या स्वतःच्या चित्रात प्रथम कोण राहून गेले होते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्यास देता आले, त्यास हा पाठ समजला असे मानावे. अशा मुलास पुढे कधी बोरीबंदरला उतरण्याचा योग आला, तर तो घुमटाकडे मान वर करून पाहीलच. पण शेजारून डोक्यावर ओझे घेऊन जाणाऱ्या माणसालाही तो पाहील आणि त्याला वाट करून देईल.